महात्माजींच्या झोपड्या

१९२७ सालच्या मार्च महिन्याची २५ तारीख. त्या दिवशी महात्मा गांधी आपल्या कोल्हापुरात होते. खादीच्या कार्यासाठी त्यांनी महाराष्ट्राचा दौरा काढला होता. गावामागून गाव आणि सभेमागून सभा असा क्रम कित्येक दिवस चालला होता. कोल्हापुरातही एका दिवसात किती सभा घ्यावयाच्या याला धरबंध राहिला नाही, आणि अखेर महात्माजींच्याच शरीराने त्यांच्याशी असहकार पुकारला. तशाही स्थितीत ते ठरल्याप्रमाणे निपाणीस गेले. कोल्हापूरपासून निपाणी अवघी पंचवीस मैल. पण तेथून पुढे दौरा होणे नाही हे डॉक्टरांनी तपासताच ठरले. रक्तदाब भलताच चढला होता आणि अर्धांगाचे संकट दारापर्यंत येऊन ठेपले होते. महात्माजींचे वय तेव्हा ५७ वर्षांचे होते. तंबाखूविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर लिहिले त्यांना तंबाखूच्याच पेठेत अंथरूण धरावे लागावे, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. परंतु त्या दिवसांत कोणास गंमत सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती.

विश्रांतीसाठी त्यांना बेळगावमार्गे आंबोलीस नेण्यात आले. आंबोली त्या वेळी सावंतवाडी संस्थानात होती. घाटमाथ्यावरचे, सुमारे २,३०० फूट उंचीचे हे ठिकाण. पावसाळ्यात तेथे ढग घरात शिरतात, आणि एप्रिलात मात्र सावली गार व हवा हलकी असते. एप्रिलचे जवळजवळ अडीच आठवडे तेथे काढून महात्माजी म्हैसूर संस्थानातील नंदीच्या डोंगरावर गेले आणि जूनच्या आरंभापर्यंत तेथे राहिले. नंदीची उंची जवळजवळ ४,८५० फूट. औषधापेक्षा हवा, पाणी, झोप, बेताचा आहार आणि चालणे ह्यांनीच त्यांना पुन्हा उभे केले.

गांधीजींचे चरित्र आपण बहुधा सत्याग्रहांच्या क्रमाने वाचतो. चंपारण, खेडा, असहकार, दांडी, बेचाळीस असे त्याचे टप्पे पाठ झालेले असतात. ते सर्व बाजूस ठेवून ज्या घरांत ते राहिले, ज्या झोपड्या त्यांनी बांधवून घेतल्या आणि ज्या डोंगरांवर त्यांना आजारपणामुळे जावे लागले, त्यांच्याच वाटेने हे चरित्र पाहिले तर एक निराळीच गोष्ट हाती लागते. माणसाला बरे करणारे घर कसे असावे, आणि ते गरिबाला परवडेल कसे, ह्या एका प्रश्नाशी हा पुरुष चाळीसहून अधिक वर्षे झगडत होता. त्या झगड्यातील दोन प्रसंग आपल्या बेळगाव-निपाणीच्या टापूत घडले, म्हणून आपल्याला त्याचे अगत्य अधिक.

मोहनदास करमचंद गांधी ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. घराणे संस्थानी कारभाऱ्यांचे, वाडा तीन मजली. जन्म झाला ती खोली तळमजल्यावरची, कमी उजेडाची. पण ह्या वाड्यात एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची होती. पोरबंदरचे जमिनीतील पाणी जड. त्यात डाळही शिजावयाची नाही. म्हणून अंगणाखाली चुन्याने लिंपलेले टाके बांधून गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यात साठवीत आणि वर्षभर पिण्यास वापरीत. घर आणि आभाळ ह्यांचा संबंध कसा असतो हे त्या मुलाने लहानपणी रोज पाहिले, एवढे म्हणावयास हरकत नाही.

विलायतेत बॅरिस्टर होऊन ते १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रारंभीची वर्षे त्यांनी साहेबी थाटाच्या बंगल्यांत काढली. पुढे रस्किनच्या पुस्तकाने त्यांची झोप उडवली आणि १९०४ साली डरबनपासून चौदा मैलांवर शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी फिनिक्सची वसाहत उभी केली. तेथे मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे बांधावयाची त्यांची फार इच्छा होती. हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की त्याला खर्च जास्त आणि वेळही जास्त! वस्तीला घाई झालेली होती. तेव्हा पन्हळी पत्र्याची घरे उभी राहिली. साधेपणा हा नेहमीच स्वस्त असतो असे नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला. आणि तो पुढे बेळगावात पुन्हा गिरवावा लागला.

ह्याच सुमारास त्यांच्या हाती जर्मनीतील निसर्गोपचारकांची पुस्तके आली. लुई कुहने ह्याची पाण्याची चिकित्सा आणि अडॉल्फ जुस्ट ह्याची मातीची चिकित्सा. युरोपात त्या काळी शहरांच्या धुराला विटलेली माणसे जंगलाच्या कडेला उघड्या सज्जांची आरोग्यधामे काढीत होती. जुस्टने तर हार्झ पर्वतात लाकडी झोपड्यांचे एक आरोग्यधाम चालवले होते. हवा आणि उजेड जितका आत येईल तितका येऊ द्यावा असा त्याचा कटाक्ष. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्याचा जो उपचार पुढे गांधीजींच्या नावाशी कायमचा जोडला गेला त्याचे मूळ ह्या जुस्टच्या पुस्तकात आहे. आपल्याकडच्या आजीबाईंना मातीचा लेप नवा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हर्मन कॅलनबाख नावाचा एक जर्मन-ज्यू वास्तुशिल्पी जोहान्सबर्गमध्ये त्यांचा जिवलग स्नेही झाला. गांधीजींच्या चरित्रात ह्या गृहस्थाला सत्याग्रहाचा साथी म्हणून ओळखतात. त्याचा धंदा घरे बांधण्याचा होता हे विसरले जाते. १९०७ साली त्याने जोहान्सबर्गच्या ऑर्चर्ड्स ह्या भागात आपल्यासाठी एक घर बांधले. आफ्रिकेतील रहिवाशांच्या गोल, गवती छपरांच्या झोपड्या पाहून त्याच धर्तीवर त्याने ते रचले होते. १९०८-०९ मध्ये गांधीजी ह्या घरात त्याच्याबरोबर राहिले. पुढे १९१० साली कॅलनबाखने १,१०० एकरांचे शेत सत्याग्रह्यांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य दिले. तेच टॉलस्टॉय फार्म. तेथेही घरे पत्र्याचीच झाली, कारण दोन महिन्यांत सर्वांना छप्पर हवे होते. पण रात्री बहुतेक मंडळी उघड्या पडवीत निजत. मैला खड्ड्यात पुरून त्याचे खत करीत. एवढ्या माणसांच्या वस्तीत कोठे घाण वा माशी दिसू नये ही गांधीजींची शिस्त. आजाऱ्यावर पाणी, माती, उपास आणि पथ्य एवढेच उपचार चालत. घराच्या रचनेपेक्षा घराच्या वापरात आरोग्य असते, असे त्यांचे मत येथे पक्के झालेले दिसते.

१९१५ साली ते स्वदेशी परतले. अहमदाबादेजवळ कोचरबला भाड्याच्या बंगल्यात आश्रम सुरू झाला. दोन वर्षांत गावात प्लेग आला आणि आश्रम साबरमतीच्या काठावर हलला. आरंभी राहुट्या, मग घरे. हृदयकुंजाची रुंद ओसरी आणि अंगण आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

येथून पुढे मात्र त्यांच्या प्रकृतीचा आणि डोंगरांचा एक सिलसिला सुरू होतो. १९१८ साली खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना आमांशाने ते मरणाच्या दारी गेले. त्या दुखण्यात बर्फाचे उपचार करणारे एक महाराष्ट्रीय गृहस्थ, केळकर, त्यांना भेटले आणि त्यांच्या बर्फाने थोडी उभारी आली, हे स्वतः गांधीजींनीच आत्मकथेत नमूद केले आहे. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, तर तेथले पाणी जड निघाले आणि आठवड्यात परतावे लागले. डोंगराची हवा चांगली पण पाणी बाधले! आरोग्यधामाची जागा निवडताना आधी विहिरीत डोकवावे, हा जुन्या लोकांचा दंडक किती खरा होता. १९२० च्या मे महिन्यात ते सिंहगडावर राहिले. तेथले पाणी आणि हवा त्यांना मानवली. लोकमान्यांचे विसाव्याचे ठिकाणही तेच. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि सुटकेनंतर जुहूच्या समुद्रकाठी त्यांनी शक्ती भरून काढली.

त्याच वर्षाच्या अखेरीस बेळगावची काँग्रेस भरली. गांधीजी अध्यक्ष असलेले हे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे ह्यांनी जिवाचे रान करून ते पार पाडले. टिळकवाडीच्या परिसरात विजयनगर नावाची छावणी वसली. हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराच्या धर्तीवर सत्तर फूट उंच प्रवेशद्वार उभारले. पाण्यासाठी चार हजारांवर रुपये खर्चून एक मोठी विहीर खणली. तिला पंपा सरोवर असे नाव दिले. ती विहीर आजही आहे आणि काँग्रेस विहीर म्हणूनच बेळगावकर तिला ओळखतात. विष्णु दिगंबरांचे गायन त्या मांडवात झाले, आणि पुढे गंगूबाई हनगल म्हणून जगाला माहीत झालेल्या अकरा वर्षांच्या मुलीने स्वागतगीत गायिले.

ह्या थाटात अध्यक्षांसाठी मुद्दाम एक झोपडी बांधली होती. बांबूचा सांगाडा, वर गवत, आत खादी. बांधणाऱ्यांची भावना अशी की महात्माजींना आवडेल अशीच ही साधी वास्तू आहे. तिला खर्च आला साडेतीनशे रुपये. आज ह्या आकड्याचे काहीच वाटणार नाही. पण त्या काळी खेड्यातील एखाद्या कुटुंबाचे सबंध घर त्याहून कमी पैशांत उभे राहत असे. गांधीजींना ही झोपडी झोपडी वाटेना. चार-दोन दिवसांच्या मुक्कामासाठी एवढा खर्च केल्याबद्दल त्यांनी नापसंती बोलून दाखवली. यजमानांना वाईट वाटले असेल, आणि ते साहजिक आहे. पण प्रश्न मोलाचा होता. बांबू आणि गवत वापरले म्हणून घर गरिबाचे होते काय? की ते गरिबाच्या घरासारखे फक्त दिसते?

ह्या प्रसंगानंतर सव्वादोन वर्षांनी निपाणीचे दुखणे आले. माझ्या दृष्टीने हे दोन प्रसंग जोडीने वाचावेत. बेळगावात महात्माजींनी साडेतीनशेच्या झोपडीला नाक मुरडले. आंबोली आणि नंदी येथे मात्र त्यांना दुसऱ्यांनी केलेल्या व्यवस्थेचा, राजेरजवाड्यांच्या मुलखातील थंड हवेचा आणि मोटारींचा लाभ घ्यावा लागला. त्यावाचून ते जगले नसते असेही म्हणता येईल. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला रक्तदाब झाला तर तिला आंबोली कोण दाखवणार? ह्या प्रश्नाला त्यांनी त्या वेळी उत्तर दिल्याचे दिसत नाही. आंबोलीत आणि नंदीवर ते सूत कातीत होते, पत्रे लिहीत होते, आत्मकथेची प्रकरणे चालू होती. उत्तर यावयास आणखी एकोणीस वर्षे लागली.

आंबोलीच्या बाजूची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. सह्याद्रीच्या माथ्यावर दोन-अडीचशे इंच पाऊस कोसळतो, तेथे घर टिकते ते छपराच्या उतारावर आणि पडवीच्या रुंदीवर. खाली जांभ्याचा चौथरा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो. कुडाची भिंत असेल तर कारवीच्या काठ्या विणून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेली. छप्पर इतके खाली ओढलेले की आत शिरताना उंच माणसाने मान लववावी. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या बाजूने गवताच्या झडी बांधावयाच्या. मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश घेते आणि रात्री सावकाश सोडते, म्हणून आतल्या माणसाला दोन्ही टोके जाणवत नाहीत; शिवाय ती दमटपणा शोषून घेते आणि कोरडी हवा सुटली की परत देते. चंदगड, आजरा, खानापूर ह्या भागांत हे ज्ञान कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. गांधीजींनी पुढे वर्ध्याजवळ जे घर बांधवून घेतले ते ह्याच जातीचे होते, फक्त वऱ्हाडच्या उन्हाला साजेसे.

१९३६ च्या एप्रिलअखेर ते वर्ध्याजवळच्या शेगावात प्रथम आले आणि जूनमध्ये भर पावसात चालत येऊन तेथे कायमचे राहू लागले. ह्या गावाचे नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज ह्यांची तेथे मालगुजारी होती; त्यांनी मनात आणले असते तर संगमरवरी बंगला झाला असता. गांधीजींची अट अशी की घर शंभर रुपयांच्या आत व्हावे, सामान आसपासचे असावे आणि कामकरी गावचे असावेत. मीराबेनने देखरेख केली. शंभराची मर्यादा काही पाळता आली नाही आणि त्याबद्दल त्यांची नाराजी झाली. पण बेळगावच्या झोपडीत आणि ह्या आदिनिवासात फरक होता. येथे पैसा गावातल्याच हातांत गेला, आणि ते घर मोडले तर गावातलाच माणूस ते पुन्हा उभे करू शकत होता.

बापूकुटी म्हणून जी आज दाखवितात ती मुळात मीराबेनची झोपडी. गांधीजी तेथे मागाहून राहावयास आले. लाकडी खांब, बांबूच्या तट्ट्यांवर माती आणि शेणाचा गिलावा, वर देशी कवेलू. भिंतीवर मीराबेनने मातीतच उठावाची ताडाची झाडे, मोर आणि ओम् कोरला आहे. बसण्याची जागा जमिनीवर. उजेड येतो तो बैठ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर. चोहोंकडून पडवी असल्यामुळे वैशाखातले वऱ्हाडी ऊन भिंतीला थेट लागत नाही. आणि, हे विशेष, त्या एवढ्याशा जागेतच एक कोपरा आजाऱ्यासाठी राखलेला होता. ज्याला देखरेखीची गरज असेल त्याचे अंथरूण महात्माजींच्या बैठकीपासून हाकेच्या अंतरावर. सर्प पकडण्यासाठी लाकडी चिमटा आणि पिंजरा असे. पकडलेला साप दूर नेऊन सोडीत. दिल्लीहून व्हाइसरॉयने टेलिफोन बसवून दिला होता, तोही तेथे आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच १९७८ साली ह्या कुटीत काही वेळ बसून गेले, आणि घर म्हणजे सामान ठेवण्याची जागा नव्हे हे त्यांनी तिच्यावरून जगाला समजावून सांगितले.

सेवाग्राम हे आरोग्याचे नंदनवन होते असे मात्र कोणी समजू नये. गाव सखल, पावसाळ्यात चिखल, डासांचा सुळसुळाट. तेथे राहावयास गेल्यावर तीनच महिन्यांत, १९३६ च्या सप्टेंबरात, गांधीजींना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात जावे लागले. आश्रमातले कितीतरी लोक तापाने पडत. मातीची भिंत उष्णता अडवते, डास अडवीत नाही. भक्तमंडळी हा भाग गाळतात. वस्तुतः तो गाळल्याने चरित्राची किंमत कमी होते. निरोगी हवेच्या टेकडीवर आश्रम काढणे सोपे होते. ते जेथे रोग होता तेथे जाऊन राहिले.

१९३९ च्या अखेरीस परचुरे शास्त्री आश्रमाच्या दारी आले. येरवड्याच्या तुरुंगातले जुने सोबती, संस्कृतचे पंडित, आणि महारोगाने जर्जर झालेले. त्या काळी ह्या रोग्याला गावकुसात कोणी उभे करीत नसे. आश्रमात मुलेबाळे होती, तेव्हा गांधीजींच्याही पुढे पेच होता. अखेर त्यांच्या स्वतःच्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी वेगळी झोपडी उभी राहिली, आणि देशभरचे पुढारी सल्ल्यासाठी खोळंबलेले असताना महात्माजी स्वतः बसून त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. माझ्या मते गांधीजींच्या सर्व झोपड्यांत ही झोपडी मोठी. तिचा नकाशा काढावयाचा तर दोन घरांमधील अंतर तेवढे मोजावे.

बेचाळीसच्या ऑगस्टात त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले. जन्मभर झोपडीचा आग्रह धरणाऱ्याला सरकारने राजवाडा दिला, आणि तेथेच त्यांचे महादेवभाई गेले आणि कस्तुरबाही गेल्या. ह्या राजवाड्यात ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी आरोग्याची किल्ली ही पुस्तिका लिहून पुरी केली. पृथ्वी, जल, आकाश, तेज, वायू अशी तिची एक विभागणी आहे. त्यातील आकाशाचे विवेचन घर बांधणाऱ्यांनी जरूर वाचावे. माणूस आणि आभाळ ह्यांच्यामध्ये जितकी कमी आवरणे तितके आरोग्य अधिक, असा त्याचा सारांश. म्हणून घरात नको ते सामान भरू नये आणि शक्य तेव्हा उघड्यावर निजावे.

१९४४ च्या मे महिन्यात सुटले तेव्हा हिवतापाने ते खंगलेले होते. पुन्हा जुहू, पुन्हा पाचगणी. पुण्यात डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचे मुक्काम होऊ लागले. १९४५ च्या नोव्हेंबरात त्या केंद्राला धरून एक अखिल भारतीय विश्वस्त निधी झाला आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. श्रीमंतांकडून फी घ्यावी आणि गरिबांनाही त्याच ठिकाणी उपचार मिळावेत अशी योजना होती. थोड्याच महिन्यांत त्यांनी ती स्वतःच मोडीत काढली. शहरातल्या टबांत आणि विजेच्या दिव्यांत खेड्यातला माणूस येणार नाही, आणि आला तरी येथे शिकलेले घरी जाऊन करू शकणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आपली चूक झाली असे त्यांनी हरिजनमधून उघडपणे कबूल केले. वय ७६ वर्षांचे. ह्या वयात आपली योजना चुकली म्हणून लिहून देणारे पुढारी किती निघतील?

मग पुण्यापासून वीस मैलांवरचे उरुळी कांचन हे गाव ठरले. सोलापूरच्या रेल्वेवरचे, साधे, सपाट गाव. डोंगर नाही, समुद्र नाही, नजरेला सुखावणारे असे विशेष काही नाही! आरोग्यधामासाठी असे गाव कोणा वास्तुशिल्प्याने सुचवले असते तर त्याला वेड्यात काढले असते. २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी तेथे गेले, ३० मार्चपर्यंत राहिले आणि रोज सकाळी स्वतः रोगी तपासले. सूर्यस्नान, कटिस्नान, ओल्या चादरीचे वेष्टन, ताक, फळे, भाजी, भाकरी, आणि रामनाम. ज्याला जे सांगावयाचे ते त्याच्या घरात आणि त्याच्या परड्यात करता येईल असेच. १ एप्रिलला निसर्गोपचार आश्रम रीतसर सुरू झाला. गावकऱ्यांनी जमीन दिली. क्षयातून उठलेले बाळकोबा भावे, म्हणजे विनोबांचे धाकटे बंधू, आणि तरुण मणिभाई देसाई ह्यांच्यावर तो सोपवून महात्माजी दिल्लीच्या वाटाघाटींना गेले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता. उरुळीला परत येऊन राहावयाचे राहूनच गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचा खून झाला.

मणिभाईंनी उरुळी सोडली नाही. १९९३ साली त्यांचा अंत झाला तोवर त्या गावाशी त्यांचे नाते तुटले नाही. आश्रमाच्या अनुभवातूनच त्यांनी गाईंचे आणि शेतीचे काम वाढवले, त्यातून १९६७ साली बाएफ ही संस्था निघाली. आश्रम आजही चालू आहे. पुण्यातील डॉ. मेहतांच्या जागेत १९८६ पासून सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे.

लॉरी बेकर नावाचा एक इंग्रज वास्तुशिल्पी ह्या शेवटच्या वर्षांत मुंबईत गांधीजींना भेटला होता. घराचे सर्व सामान पाच मैलांच्या आतले असावे ही कल्पना आपण त्यांच्याकडून घेतली, असे तो पुढे सांगत असे. त्याने केरळात विटांची शेकडो स्वस्त घरे बांधली, आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे तो वारला.

आंबोली, चंदगड, तिलारीच्या बाजूस आज निसर्गाच्या सान्निध्यात विसावा देणारी पुष्कळ ठिकाणे निघाली आहेत. त्यांतील काहींच्या भिंती सिमेंटच्या असून वर मातीचा रंग दिलेला असतो. एका रात्रीचे भाडे विचारले की बेळगावच्या साडेतीनशे रुपयांची आठवण येते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या अधिवेशनाची शताब्दी झाली, तेव्हा बेळगावात रोषणाई झाली आणि भाषणेही झाली. ती झोपडी तर केव्हाच गेली. बांबू आणि गवत मातीला मिळाले. सेवाग्रामची कुटी उभी आहे, कारण दर वर्षी पावसाळ्याआधी तिचे कवेलू उतरवून फेरतात आणि भिंती पुन्हा शेणामातीने लिंपतात. हे काम यंत्राने होत नाही, आणि ते जाणणारी माणसे शेजारच्या गावांतूनच बोलवावी लागतात.